लागणे

मराठीत ब्रेक लागतो आणि पैसेही लागतात. वेळ लागतो, भूक लागते, ठेच लागते, एखाद्याचे बोलणे मनाला लागते. संस्कृतातील ‘लग्’ या धातूचा मूळ अर्थ चिकटणे, जडणे एवढाच. परंतु या लहानशा धातूने भारतीय भाषांत जो संसार थाटला आहे तो थक्क करणारा आहे. हिंदीत ‘पैसे लगेंगे’ म्हणतात, बंगालीत ‘टाका लागबे’. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. ज्याला लागते तो चतुर्थीत उभा असतो, आणि कोणी लावले हे वाक्याला सांगावे लागत नाही. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली. मसिका यांनी १९७६ मध्ये तिचा विस्तार करताना या क्षेत्राच्या समान लक्षणांत अशा चतुर्थीच्या रचनेचाही विचार केला. वर्गात शिकवताना व्याकरणाचा हा विशेष मोठा लोभस वाटतो. मला भूक लागली. भुकेला कर्ता कशाला हवा? पण गॅरेजच्या दारात ‘इतके लागतील’ हे वाक्य उच्चारले जाते तेव्हा त्याच्या पोटात दडलेला, न सांगितलेला कर्ता एकाएकी महत्त्वाचा होऊन बसतो.

दिल्लीत तौलनिक साहित्याचे संशोधन करणाऱ्या एका मराठी गृहस्थांच्या बाबतीत असे घडले. त्यांची दीडशे सी.सी.ची मोटारसायकल २०१४ सालची, पुण्यात घेतलेली. दिल्लीला येताना त्यांनी ती रेल्वेच्या पार्सलने आणली. टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून, दोऱ्यांनी करकचून बांधलेली ती गाडी हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरली तेव्हा एखाद्या आजारी नातेवाइकाला उतरवून घ्यावे तशी त्यांनी ती उतरवून घेतली. तिच्यावरचा ‘एम एच १२’ हा क्रमांक दिल्लीच्या रस्त्यावर त्यांचे मूळ गाव सांगत असे. तो क्रमांक पाहून पुण्याची माणसे हात हलवीत. मेकॅनिकही तो क्रमांक वाचत असत, मात्र त्यांच्या वाचनाची रीत निराळी होती.

२०२३ च्या मे-जूनच्या सुटीत गाडी मुनीरक्याच्या गल्लीत उभीच होती. जुलैत पाऊस असा कोसळला की तेरा तारखेला यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली. पाणी ओसरले, शाळा-महाविद्यालये पूर्ववत सुरू झाली आणि गृहस्थ पत्नीला तिच्या शाळेत सोडायला निघाले, तेव्हा पुढचा ब्रेक हाताला मऊ लागू लागला. लिव्हर दाबला की तो मुठीला टेकेपर्यंत जाई आणि गाडी मात्र आपल्या लहरीने थांबे. बाह्य वर्तुळमार्गावर बसच्या मागे उभे राहायचे असते तेव्हा ही लहर परवडणारी नसते. मागच्या आसनावर दुसरे माणूस बसलेले असते तेव्हा तर मुळीच नाही.

ते जवळच्या एका गॅरेजात गेले. गॅरेजच्या मालकाने लिव्हर दोनदा दाबला, चाक फिरवून पाहिले आणि म्हटले, “पॅड घिस गए हैं, सरजी. पाँच-छह सौ लगेंगे. शाम को ले जाइए.” दुपारी तिथल्या मुलाचा फोन आला. “सर, थोड़ा और काम निकला है. डिस्क प्लेट भी लगेगी, और भी सामान लगेगा.” गृहस्थ त्या वेळी ग्रंथालयात होते. कुजबुजत्या आवाजात त्यांनी उत्तर दिले, “देख लीजिए.”

संध्याकाळी पिवळ्या कागदावरची कच्ची पावती त्यांच्या हातात आली. पॅड ४८०, डिस्क प्लेट २,१५०, मास्टर सिलिंडर १,६५०, कॅलिपरचे किट ३५०, ब्रेक ऑइल १६०, मजुरी ९००. एकूण ५,६९० रुपये. पक्के बिल हवे असेल तर कर वेगळा.

या पावतीवरून जो वाद झाला तो आवाज चढवून झाला नाही. गृहस्थांचे म्हणणे एवढेच होते की सहाशेचे साडेपाच हजारांवर गेले आणि कोणी विचारले नाही. मालकाचे उत्तर तितकेच सरळ होते. “पूछा तो था. आपने ही कहा, देख लीजिए.” आणि मग क्षणभर थांबून, “ब्रेक का मामला है, सरजी. कल को कुछ हो जाता तो आप ही कहते कि बताया क्यों नहीं.”

दोघेही खरे बोलत होते. मराठी माणूस घरी ‘बघा जरा’ म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असते ते पाहणे. पाहा, आणि मग सांगा. तेच शब्द त्या गृहस्थांनी मनातल्या मनात हिंदीत आणले आणि ‘देख लीजिए’ म्हटले. दिल्लीच्या व्यवहारात मात्र ‘देख लीजिए’ हा अधिकार सोपवण्याचा शब्दप्रयोग होऊ शकतो. तुम्हीच काय ते ठरवा, मी आड येणार नाही. ‘लीजिए’ या सहायक क्रियापदात पाहणाऱ्याने ते काम आपल्याकडे घेण्याची छटा आहे, आणि मालकाने ती घेतली. इकडे ‘लगेगी’ हे क्रियापद भविष्यकाळाचे आहे. त्यात सूचना आहे की विनंती आहे की नुसते निदान आहे, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. एका बाजूने कर्ता नसलेले वाक्य आले, दुसऱ्या बाजूने आज्ञार्थाच्या रूपातील सौजन्य गेले, आणि या दोहोंच्या मध्ये पाच हजार रुपयांचा निर्णय झाला. तो कोणी घेतला हे त्या दोन वाक्यांवरून सांगता येत नाही.

भाषांतराच्या अभ्यासकाला अशा जागा अपरिचित नसतात. दोन भगिनी भाषांत दिसायला सारख्या असलेल्या शब्दांनीच अधिक फसगत होते, कारण परक्या भाषेपुढे माणूस जसा सावध असतो तसा तो भगिनी भाषेपुढे राहत नाही. मात्र पुस्तकातील असा दोष पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो.

त्या रात्री पत्नीने पावती वाचली. तिचे गणित चोख होते. ती म्हणाली, “पैसे दिलेस ते बरं केलंस. पण त्यांनी आकडा सांगून विचारायला हवं होतं.” या दोन वाक्यांत सगळे प्रकरण आले होते. ब्रेकच्या बाबतीत घासाघीस करता येत नाही. भाजीवाल्याशी हुज्जत घालणारा माणूस डॉक्टरपुढे गप्प बसतो, तसाच तो ब्रेकपुढे बसतो. भीतीला दरपत्रक नसते, आणि म्हणूनच भीती असेल तिथे विचारण्याची जबाबदारी अधिक असते.

दुरुस्तीचा हा खर्च एवढा अनपेक्षित का वाटतो, याला यंत्राच्या इतिहासातही एक उत्तर आहे. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याची राजदूत रस्त्यावर होती त्या काळात ब्रेक ड्रमचे असत. चाकाच्या पोटातील दोन अर्धचंद्राकृती शू बाहेरच्या बाजूला फाकत आणि ड्रमला आतून घासत. झिजायचे ते शूवरचे लायनर. मिस्त्री जुने लायनर काढून नवे बसवी, तार आवळी, आणि काम होई. तिथे दुरुस्ती हा शब्द यथार्थ होता. जुनी वस्तू पुन्हा कामाची होत असे. डिस्क ब्रेक आले तसा हा व्यवहार बदलला. हीरो होंडाची सीबीझेड १९९९ मध्ये आली ती पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक घेऊन. पुढे तो मध्यम किमतीच्या गाड्यांवरही सर्रास दिसू लागला. एप्रिल २०१९ पासून तर १२५ सी.सी.च्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना ब्रेक लागताना चाक अडकू न देणारी एबीएस ही यंत्रणा सक्तीची झाली. सुरक्षितता निःसंशय वाढली. त्याबरोबर ब्रेक ही मिस्त्रीच्या हातोडीच्या पलीकडची वस्तू झाली.

डिस्क ब्रेकचे तत्त्व पास्कालच्या काळाइतके जुने आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. बोटांनी लिव्हर ओढला की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो, ते नळीतून कॅलिपरमध्ये जाते, तिथला दट्ट्या पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर दाबतो. हे ऑइल सहसा ग्लायकॉलच्या जातीचे असते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ब्रेक तापला की आत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. आणि लिव्हर मऊ पडतो. हवेचे बुडबुडे शिरले तरी हेच होते. गाडी दोन-दोन महिने उभी राहिली तर कॅलिपरचा दट्ट्या गंजून अडकण्याचा संभव असतो. म्हणजे पावतीवरच्या बहुतेक ओळींना दिल्लीच्या उन्हाळ्याची आणि पावसाची साक्ष होती.

हे गृहस्थांना समजले ते करोल बागेत. तेथील नाईवाला भागात मोटारसायकलींच्या सुट्या भागांची आणि मिस्त्रींची दाटी आहे. एका परिचिताने त्यांना तिथल्या एका वयस्कर उस्तादाकडे पाठवले. जाण्यापूर्वी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती: गॅरेजात परत जाऊन जुने भाग मागितले. ते भंगाराच्या डब्यात होते, मायापुरीला जाण्याच्या वाटेवर. मालकाने कुरकुर न करता ते काढून दिले. ही त्याच्या बाजूची साक्ष म्हणून नोंदवायला हवी.

उस्तादाने पिशवीतून आधी चकती काढली. तिच्या मधल्या भागावर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते, आणि ती बहुतेक ग्राहकांनी जन्मात वाचलेली नसते. तिथे ३.५ मिलिमीटर असे होते. उस्तादाने व्हर्नियर लावले, काटा ३.२ वर थांबला. “प्लेट गई थी,” तो म्हणाला. पॅडची चिकटपट्टीएवढीही जाडी उरली नव्हती. कॅलिपरच्या दट्ट्यावर गंजाचे टिपके होते. मग त्याने मास्टर सिलिंडर उघडला, बोट आत फिरवले, उजेडाकडे धरला. आतली भिंत गुळगुळीत होती. रबराची वाटी तेवढी फुगलेली होती. अडीचशेच्या किटमध्ये काम झाले असते.

गृहस्थांना वाटले, सापडले. उस्तादाने मात्र तो भाग खाली ठेवला आणि एक वाक्य बोलला, ज्यात साऱ्या आधुनिक दुरुस्तीचे अर्थशास्त्र आहे. “किट डालूँ तो गारंटी मेरी, नया डालूँ तो कंपनी की.” जुन्या भागात नवी वाटी बसवली आणि महिन्याने ती गळली, तर शिव्या मिस्त्रीला. सबंध भाग बदलला आणि तो बिघडला, तर दोष डब्यावरच्या नावाला. ग्राहकाच्या खिशातून गेलेले चौदाशे रुपये निव्वळ नफ्याचे नव्हते. त्यांतील काही भाग मिस्त्रीच्या भीतीचे मोल होते. ब्रेकची भीती ग्राहकाला असते तशी ती मिस्त्रीलाही असते. फरक इतकाच की पहिल्याची भीती दुसऱ्याच्या भीतीचेही पैसे भरते.

या व्यवसायाची भाषा पाहिली तर एक गमतीची गोष्ट लक्षात येते. दुरुस्त, उस्ताद, शागिर्द, अंदाज, मजुरी हे शब्द फारसीतून आलेले, हिशेब अरबीतून, मिस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा वंशज, आणि तो मुंबई-गोव्याकडून दिल्लीपर्यंत सर्वत्र चालतो. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने राजदरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, परंतु कारागिराच्या हातातील शब्द हातातच राहिले. या परंपरेत उस्ताद म्हणजे नुसता कामगार नव्हे. तो शिकवणारा आहे. गाण्यातला उस्ताद आणि पाना धरणारा उस्ताद यांना एकच शब्द असणे हा योगायोग नव्हे. दोघांकडून अपेक्षा अशी की ते ऐकतील, हात लावतील, आणि काय चुकते आहे ते समोरच्याला दाखवतील. नाईवाल्याच्या उस्तादाने तेच केले. त्याने चकती मोजून दाखवली, म्हणून त्याच्या निर्णयावर विश्वास बसला. आणि तो निर्णय बव्हंशी पहिल्या गॅरेजच्या बाजूचा होता.

अमेरिकेतही हा प्रश्न निराळा नाही. रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या १९७४ सालच्या पुस्तकातील निवेदक आपली बिघडलेली मोटारसायकल एका दुकानात देतो. तिथे रेडिओ चालू असतो, मुले हसत-खिदळत काम करतात, आणि गाडी अधिकच बिघडून परत येते. पुढे दोष सापडतो तो पंचवीस सेंटांच्या एका पिनमध्ये. पिर्सिग यांना त्या मुलांत आढळले ते असे की ती आपल्याच कामाची प्रेक्षक होती. दिल्लीच्या गॅरेजातील मालक प्रेक्षक नव्हता. त्याला आपले काम येत होते आणि त्याने ते काळजीने केले होते. त्याने फक्त गाडीच्या धन्याला प्रेक्षक ठरवले. दोन्हींत कोणता दोष मोठा, याचे उत्तर ज्याच्या पाठीमागे रोज कोणी बसते त्याने द्यावे. पण दुसरा दोष आहे, हे नाकारता येत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० मध्ये अंमलात आला. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. दुरुस्तीच्या सेवेवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे, तो भरला की पक्के बिल मिळते आणि पुरावा हाती राहतो. परंतु चौदाशे रुपयांसाठी तारखा कोण घेणार? आणि आयोगापुढे पुरावा तरी काय ठेवणार? एका बाजूला ‘लगेगी’, दुसऱ्या बाजूला ‘देख लीजिए’. ही दोन वाक्ये व्याकरणाच्या तासाला पुरतील, न्यायालयाला पुरणार नाहीत.

गृहस्थ गॅरेजात पुन्हा गेले ते उघडलेला मास्टर सिलिंडर घेऊन. उस्तादाने सांगितलेले त्यांनी जसेच्या तसे सांगितले, चकतीबद्दलचेही. मालकाने भाग हातात घेतला, बोट आत फिरवले आणि गल्ल्यातून पाचशेची नोट काढून दिली. तो म्हणाला, “अगली बार फ़ोन पर रकम बोलूँगा. आप भी हाँ या ना बोलना.” ही नोट परतावा होती की क्षमायाचना की नुसते संबंध राखणे, हे त्यानेही सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. गाडी पुढेही त्याच गॅरेजात जात राहिली.

मराठीत एक जुनी म्हण आहे: सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. तिच्यात या तीन व्यावसायिकांवर अन्याय आहे हे उघड आहे. तथापि तिने नेमके हेच तीन का निवडले याचा विचार करण्यासारखा आहे. सोने, कापड आणि दप्तर या तिन्ही ठिकाणी एकाच्या हातात वस्तू असते आणि तिचे ज्ञानही त्याच्याच जवळ असते. दुसऱ्याला केवळ गरज असते. अविश्वास माणसावरचा नसतो, तो या विषम वाटणीवरचा असतो. आणि समाजाने त्यावर उपायही शोधले होते. दागिना आटवण्यापूर्वी सोने गिऱ्हाइकासमोर तोलायचे. शिंप्याने उरलेले कापड झब्ब्याबरोबर परत द्यायचे. त्या चिंध्यांचा घरी काही उपयोग नसे, पण त्या पाहिल्या की कापड किती गेले ते कळे. मोटारसायकलीच्या गॅरेजात त्या तराजूचे काम व्हर्नियर करते आणि त्या चिंध्यांचे काम जुना भाग. झिजलेली चकती पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हाती देणे, आणि नवी बसवण्याआधी तिच्यावर कोरलेला आकडा त्याला वाचायला लावणे, याला मिनिटभराहून अधिक वेळ लागत नाही. पैसे तेवढेच लागतील. पण ते कोणी ठरवले, हे दोघांनाही ठाऊक असेल.